वीस घोंगडी, वीस कार्डं

प्रवासाबद्दल लिहिणाऱ्यानं निदान दोन-चार राज्यं तरी ओलांडलेली असावीत, असं मला वाटत आलं आहे. मी फक्त एक जिल्हा ओलांडला, तोही एस.टी.नं, आणि पाचव्या दिवशी परत आलो. शिवाय आमच्या घरात आजवर पत्रापलीकडं कुणी काही लिहिलेलं नाही. वडील साखर कारखान्यात गव्हाणीवर ऊस टाकायच्या कामाला, आई दुसऱ्यांच्या उसात भांगलायला जाते. कॉलेजची पायरी चढलेला घरातला पहिला मीच. तेव्हा हे लिहिण्यात आगाऊपणा आहे हे मला कळतं. वाचणाऱ्यांनी तो पोटात घालावा. लिहितो आहे ते एवढ्यासाठी, की त्या पाच दिवसांत माझ्याकडून एक चूक झाली आणि नंतर तिच्यापेक्षा मोठी दुसरी. ती कुठंतरी नीट सांगून ठेवावी असं गेली अडीच वर्षं वाटत होतं.

गोष्ट १९९७ च्या फेब्रुवारीतली. मी कराडला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या इंग्रजीच्या सरांच्या ओळखीच्या पुण्यात एक बाई होत्या. हातानं बनवलेल्या वस्तू त्या परदेशी पाठवायच्या. जर्मनीतल्या एका दुकानाला त्यांच्याकडून वीस काळी घोंगडी हवी होती. अट एकच: लोकरीला कसलाही रंग दिलेला नसावा. तिकडं काही रंग अंगाला अपायकारक ठरले होते, आणि रंगाचं पाणी शेवटी कुठल्या नदीत जातं, याचीही चौकशी गिऱ्हाईक करू लागलं होतं. म्हणून प्रत्येक घोंगड्याबरोबर एक कार्ड जाणार होतं. लोकर कुणाच्या मेंढरांची, कातली कुणी, विणलं कुणी, रंग आहे की नाही, हे त्यावर इंग्रजीत लिहायचं आणि लिहिणाऱ्यानं खाली सही करायची. पहिली वीस नीट पोचली, तर दर वर्षी त्याच विणकराकडं काम जाणार होतं.

सर म्हणाले, "वाघमारे, तुझं अक्षर चांगलं आहे आणि तिकडची बोली तुला कळेल. जाऊन ये."

माझं अक्षर चांगलं आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कुणी सांगितलं. मी लगेच हो म्हणालो.

आटपाडीच्या पलीकडं

विट्याच्या पुढं ऊस संपतो. कृष्णाकाठच्या माणसाला हे बघून आधी चुकल्यासारखं होतं. आमच्याकडं बाराही महिने डोळ्यांपुढं हिरवं असतं, इतकं की ते दिसेनासं होतं. इथं खिडकीतून नुसता माळ. मध्येच बाभळी, मध्येच दगडांचे ढीग, लांबवर एखादी मेंढरांची रांग. शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्यांना मी विचारलं, "माणगंगा कुठं लागती?" ते म्हणाले, "आत्ताच गेली की पुलाखालनं." मी मागं वळून पाहिलं तर वाळू दिसली.

गाडीनं फाट्यावर सोडलं. तिथून गावापर्यंत तीन-चार किलोमीटर चाललो. नवी चप्पल आईनं मुद्दाम घालायला लावली होती. अर्ध्या वाटेत ती हातात घ्यावी लागली. पुण्याच्या बाईंनी दिलेल्या चिठ्ठीवर 'दादू आण्णा, घोंगडीवाले' एवढंच होतं आणि तेवढं पुरलं. मागाचा ठोका गल्लीच्या तोंडापासूनच ऐकू येत होता.

आण्णा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले होते. साठीच्या आसपासचे, बारीक, कानात बाळी. मला पाहून म्हणाले, "कराडचं मास्तर न्हवं?"

"मास्तर न्हाई आण्णा. शिकतोय अजून."

"शिकतायसा म्हंजी हुनारच की." त्या क्षणापासून पाच दिवस मी मास्तर झालो. मग त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हनायचं?"

"वाघमारे."

आण्णांच्या हातातला धोटा एक-दोन क्षण थांबला. त्यांची बायको, हौसाकाकू, दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या, एक घोंगडं घेऊन आल्या आणि ओट्यावर अंथरत म्हणाल्या, "बस बाबा. लोकरीला इटाळ न्हाई."

मी बसलो. माझ्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, तेव्हापासून विटाळ हा शब्द आमच्या घरात कुणी तोंडातून काढत नाही. इथं तो मला मायेनं बसायला देताना वापरला गेला होता. काय वाटून घ्यावं ते मला तेव्हा उमजलं नाही. आजही पुरतं उमजलेलं नाही. पण दुपारी काकूंनी बाजरीच्या भाकरी थापल्या आणि आम्ही तिघांनी एकाच टोपल्यातून घेऊन खाल्ल्या, हेही लिहायला हवं. आमच्याकडं जोंधळ्याची भाकरी. बाजरीची कोरडी वाटली, पण काकूंनी वर एवढं लोणी घातलं, की तक्रारीला जागा राहिली नाही. हात धुवायला मात्र अर्धा तांब्या पाणी मिळालं. मी सवयीनं सगळं ओतून टाकलं आणि काकूंनी ते जमिनीत मुरेपर्यंत पाहिलं. आमच्या दारात कॅनॉलचा पाट वाहतो. मला शरम वाटली.

जेवल्यावर मी कार्डं काढली आणि रंग का नको, ते माझ्या परीनं समजावून सांगितलं. रंगाचं पाणी नदीला जातं, नदी खराब होते.

आण्णा म्हणाले, "आमच्यात नदीला पानी कवा असतंय?"

"तरी बी आण्णा, त्यांची अट हाय."

"असू दे की. आमी तरी कुटं रंग देतूय. काळं मेंढरू, काळी लोकर. द्येवानंच रंगवून धाडल्यालं असतंय."

कातणाऱ्यांची नावं विचारल्यावर आण्णांनी स्वतःचंच नाव सांगितलं. मी म्हटलं, कातलं कुणी ते पाहिजे, चरक्यावर कोण बसलं ते. आण्णांनी काकूंकडं बोट केलं. काकू पदर तोंडाला लावून हसल्या. "माजं नाव कशाला त्या कागदावर? धनी हायती की."

"त्यांचं विणनाऱ्यात हाय काकू. कातनाऱ्यात तुमचं पाहिजे."

"मग लिव. हौसाबाई दादू." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आन पल्याडच्या आळीतल्या दोघी बी कातत्यात. त्यांचं बी लिव, न्हाईतर मला पान्याला जाऊ द्यायच्या न्हाईत." तासाभरात दोघींच्या पाच झाल्या. त्यातल्या तिघींनी चरक्याला कधी हात लावला नव्हता, हे त्या स्वतःच सांगत होत्या, पण आपलं नाव परमुलखात जात असेल तर बघावं म्हणून आल्या होत्या. एक म्हणाली, "माजं नुसतंच लिवा. काय केलं ते लिवू नगा." मी काकू आणि त्या दोघी, अशा खऱ्या कातणाऱ्या तिघींचीच नावं घातली. बाकीच्यांनी माझ्या शिक्षणाबद्दल बराच वेळ शंका काढल्या.

मग आण्णांनी घोंगडी काढून दाखवली. वीसच्या वीस तयार होती, चार-पाच महिन्यांचं काम. उभ्या धाग्याला चिंचोक्याची खळ लावलेली, त्यामुळं नव्या घोंगड्याला एक आंबूस, घरगुती वास येत होता. मला तो अजून कुठंही चिंचोका फोडताना येतो. वरची चौदा काळीभोर होती. खालची सहा उन्हात धरल्यावर तपकिरी दिसत होती, काठाकडं तर चक्क गंजासारखी.

मी काही ठरवून बोललो नाही. मला लोकरीतलं काही कळत नव्हतं, माहिती करून घ्यावी एवढाच हेतू होता. मी म्हटलं, "आण्णा, ही जरा तांबडट दिसत्यात न्हवं?"

"उनानं. दिसभर मेंढरू माळावर असतंय. लोकरीचं शेंडं करपत्यात."

मी त्यावरून पुन्हा हात फिरवला आणि "अस्सं" म्हणालो. बस, एवढंच. आण्णांनी काकूंकडं पाहिलं, काकूंनी घोंगड्यांकडं. मी ते पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं नाही. त्याच संध्याकाळी मी वीस कार्डं एकटाकी लिहून काढली. रंगाच्या पुढं वीस वेळा 'नाही' लिहिलं, वीस वेळा सही केली. मेंढपाळाची जागा तेवढी कोरी ठेवली. त्यासाठी आण्णांना लोकर देणाऱ्या बिरूला गाठायचं होतं.

मेंढरामागं

बिरूचा कळप म्हसवडच्या अंगाला होता, म्हणजे परत सातारा जिल्ह्यात. माळाला जिल्हा कळत नाही. आण्णांनी वाट सांगितली ती अशी: गाडीनं अमुक ठिकाणी उतरा, डोंगर उजव्या हाताला ठेवा, कुत्रं भुंकलं की थांबा. मी तसंच केलं आणि कुत्रं भुंकल्यावर खरोखर थांबलो, अर्धा तास. शेवटी बिरू आला. चाळिशीचा, उंच, लाल मुंडासं, मिशा भरघोस. "काय गड्या, खांब झालायस काय? ये की. त्ये काय करत न्हाई, नुसतं इचारतंय."

मेंढरं आदल्या दिवशी पाझर तलावात धुऊन आणलेली होती आणि कातरणी चालू होती. मेंढराचे पाय बांधून बिरू ते आडवं पाडायचा आणि भल्यामोठ्या कातरीनं पोटाकडून सुरुवात करायचा. लोकर गोधडीची घडी उलगडावी तशी एका बाजूला उलगडत जायची. कातरून झालेलं मेंढरू उठून उभं राहिलं की एकदम लहान आणि लाजल्यासारखं दिसायचं. त्याची आई त्याला क्षणभर ओळखायची नाही, हुंगून खात्री करायची. हे पाहत मी किती वेळ बसलो कुणास ठाऊक. कोकराची पहिली लोकर, तिला जावळ म्हणतात, बिरूच्या बायकोनं माझ्या हातात दिली. इतकी मऊ वस्तू मी त्याआधी हातात धरलेली नव्हती. आमच्या घरची पांघरुणं म्हणजे चुलत्यांनी पलटणीतून आणलेली दोन ब्लँकेटं, आणि ती अंगाला टोचायची.

मी कार्डं मांडीवर घेऊन पत्ता विचारला.

"कसला पत्ता?"

"ऱ्हायचा. गाव, पोस्ट, तालुका."

बिरू विचारात पडला. "आता हितं हाय. होळीनंतर घराकडं. पावसाळ्यात बी हिकडंच. दिवाळी झाली की तुमच्या कराडाकडं, उसाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवाया." मग तो म्हणाला, "लिव, बिरू, मेंढरामागं. हुडकनारा हुडकतोय."

मी तसंच लिहिलं, इंग्रजीत. त्या ओळीचं इंग्रजी करायला मला बराच वेळ लागला. तेवढ्यात मागून एका शेळीनं जादा आणलेल्या कोऱ्या कार्डांपैकी दोन खाल्ली. बिरूची बायको म्हणाली, "बगा, तिनं बी वाचलं."

कळपात उन्हानं तांबूस झालेली मेंढरं मला आता ओळखू येऊ लागली होती. मी बिरूला त्याबद्दल विचारलं. त्यानं मुंडासं काढलं, मिशीला पीळ भरला. "ह्ये बग. माजं बी शेंडं करपल्यात. जे उनात हिंडतंय त्ये तांबसतंय. सावलीत ऱ्हायलं तर खाईल काय?"

दुपारी हुलग्याचं माडगं प्यायलो. मेंढीचं दूध घातलेला चहा प्यायलो. पहिला घोट जड गेला, दुसरा कप मागून घेतला. मुक्काम तिथंच केला. दोन दिवस कुणी मला काही विचारलं नाही, आडनावही नाही. आयुष्यात फार थोडे दिवस मला इतके मोकळे गेले आहेत. चौथ्या दिवशी बिरूनं मला गाडीपर्यंत सोडलं. कुत्रंही आलं.

काळ्यावर काळा

आण्णांच्या गल्लीत शिरलो तेव्हा आधी कोंबड्या दिसल्या. त्यांचे पाय काळे होते. मग गटारीतून येणारा काळा ओघळ दिसला, आणि तो जिथून येत होता तिथं, आण्णांच्या अंगणात, वलणीवर सहा घोंगडी वाळत घातलेली होती. कावळ्याच्या पंखासारखी काळी. खालून ठिबकत होती. चुलवाणावर तांब्याचा हंडा होता. हौसाकाकूंचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि त्या हसत होत्या.

आण्णा म्हणाले, "आता बगा मास्तर. तुमी म्हनलासा तांबडट दिसत्यात. म्हनलं खरं हाय. परमुलखात जायाची वस्तू, उनानं करपल्याली कशी द्यायची? आटपाडीच्या बाजारातनं पुड्या आनल्या."

मी म्हटलं, "आण्णा, रंग नको होता. तेवढी एकच अट होती."

"ह्यो काय लुगड्यावानी रंग हाय व्हय? तांबडा दिला, हिरवा दिला, त्याला रंग म्हनायचं. काळ्यावर काळा दिला त्याला रंग कोन म्हनंल?"

ते चेष्टा करत नव्हते. मी समजावून सांगायला लागलो तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. बाईंनी आण्णांना आधी पाठवलेलं अटीचं पत्र मी पुन्हा वाचून दाखवलं. आण्णांनी ते आधीही दोन वेळा वाचून घेतलेलं होतं. त्यात 'रंग' होता, काळ्यावर काळ्याबद्दल काही नव्हतं.

काकूंनी विचारलं, "धुतल्यावर निगंल?"

मी म्हटलं, माहीत नाही. त्या दोन घागरी घेऊन निघाल्या. तिथला आड गावाबाहेर आहे. मी एक घागर मागितली तर दिली नाही. "तू लिव, तुजं काम लिवायचं" म्हणाल्या. त्या दुपारी त्यांनी चार खेपा केल्या. सहा घोंगडी आळीपाळीनं बुडवली, पिळली, पुन्हा बुडवली. पाणी काळं निघत राहिलं आणि घोंगडी तितकीच काळी राहिली. ज्या बाईनं माझं अर्धा तांब्या पाणी जमिनीत मुरताना पाहिलं होतं, ती हंडे भरभरून पाणी गटारीत ओतत होती, आणि मी ओट्यावर बसून होतो.

शेवटी आण्णा माझ्याजवळ येऊन बसले. हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, कार्डावर तुमी लिवलंयच की, रंग न्हाई म्हनून. सही बी झालीया. तसंच ऱ्हाऊ द्या. कोन बगतंय तिकडं?"

मी कार्डांचं पाकीट उचलून पिशवीत ठेवलं.

पाचव्या दिवशी सकाळी वीसही घोंगड्यांचं गाठोडं बांधलं. सहा अजून दमट होती. काकूंनी वाटेला भाकरी-चटणी दिली आणि कार्डांच्या पाकिटाला हात लावून विचारलं, "माजं नाव ह्यातच हाय न्हवं?" आण्णा फाट्यापर्यंत गाठोडं डोक्यावर घेऊन आले. मला घेऊ दिलं नाही. गाडी आली तेव्हा म्हणाले, "ह्ये जमलं तर माग ऱ्हातोय बगा. न्हाईतर माजा ल्योक म्हनतोयच, मागाचा खड्डा बुजवून तितं दुकानाला गाळा काढू."

सातारा

बाई पुण्याहून साताऱ्याला येणार होत्या, तिथल्या त्यांच्या मैत्रिणीच्या घरी. मी स्टँडवरून रिक्षा केली. गाठोडं एवढं मोठं की मीच बाहेर लटकत होतो. घर चांगलं होतं, फरशी चकचकीत. दमट घोंगडी तिथं कशी ठेवावी कळेना. दारातच उभा राहिलो.

बाई पन्नाशीच्या, साध्या, बोलायला मोकळ्या. "या, या. दमला असाल." त्यांनी मला पाणी आणून दिलं, स्वतः जमिनीवर बसून गाठोडं सोडलं. एकेक घोंगडं उघडून हात फिरवत त्या कार्ड वाचत होत्या. बिरूच्या पत्त्यावर त्या थांबल्या, पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, "किती छान लिहिलंत." दहा झाली. बारा झाली. मला वाटत होतं की त्या स्वतःच ओळखतील आणि मला बोलावं लागणार नाही. चौदावं झालं.

मी म्हटलं, "मॅडम, पुढची सहा रंगवलेली आहेत."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पंधरावं उघडलं, रुमाल पाण्यात बुडवून त्यावर घासला. रुमाल काळा झाला.

"कार्डावर तर नाही म्हणून लिहिलंय."

"मी लिहिलं तेव्हा नव्हती. नंतर रंगवली."

"पण मी त्यांना तीनदा कळवलं होतं. कुणी सांगितलं त्यांना रंगवायला?"

या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. मी 'तांबडट' म्हणालो होतो. आण्णांच्या अंगणात पुस्तकं वाचलेला एक माणूस आला होता, त्यानं वस्तूवर दोनदा हात फिरवला होता आणि खोट काढली होती. हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण त्यांनी नुकतंच 'किती छान' म्हटलं होतं, सरांना त्या काय सांगतील हे माझ्या मनात आलं, आणि मी म्हणालो, "कुणीच नाही."

बाईंनी सहा कार्डं फाडली. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुम्ही खरं बोललात हे फार चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. "चौदा पाठवते. पण पुढच्या वर्षी दुसरीकडं बघावं लागेल. सांगितलेलं ऐकत नाहीत म्हटल्यावर मी तिकडं कुठल्या तोंडानं शब्द द्यायचा?"

मी मान हलवली.

सहा घोंगडी घेऊन मी कराडला आलो. ती आमच्या घरात आढ्याला महिनाभर टांगलेली होती. आईनं विचारलं, कुणाची? मी म्हटलं, एकाची परत करायची आहेत. परत करायला मी स्वतः गेलो नाही. आटपाडीच्या गाडीच्या ओळखीच्या कंडक्टरकडं दिली, बरोबर चार ओळींची चिठ्ठी: सहा चालली नाहीत, तुमची तब्येत कशी आहे, काकूंना नमस्कार. पुढच्या वर्षीचं काम गेलं हे त्या चिठ्ठीत नव्हतं.

जूनमध्ये मी एम.ए.ला कोल्हापूरला गेलो. नवं गाव, वसतिगृह, खानावळ. तरी बाजारात घोंगडी दिसली की मी रस्ता बदलायचो. दिवाळीनंतर उसाच्या रानांत मेंढरं बसू लागली तेव्हा राहवेना. सरांकडून बाईंचा पत्ता आधीच घेतलेला होता. बाईंना मी सविस्तर पत्र लिहिलं. रंगवायला कुणी सांगितलं याचं उत्तर मी चुकीचं दिलं, आण्णांनी अट मोडली नाही, माझा शब्द पाळला, असं सगळं. उत्तरासाठी पत्ता मात्र सवयीनं कराडच्या कॉलेजचाच घातला. उत्तर आलं नाही. मी समजून गेलो की ते येणार नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये पदवीचा दाखला आणायला कराडला गेलो होतो. ऑफिसातल्या कारकुनानं कपाटाच्या वरून धूळ बसलेला गठ्ठा काढला. "वाघमारे ना? तुझं एक पाकीट पडलंय बघ. सर रजेवर होते तेव्हा आलेलं." पुण्याचा शिक्का, १९९८ चा जानेवारी. मी तिथंच जिन्यात बसून ते उघडलं.

बाईंनी लिहिलं होतं की माझं पत्र मिळाल्यावर त्या स्वतः गाडी करून गावाला गेल्या. आण्णा मागावर होते. माझं पत्र त्यांनी आण्णांना वाचून दाखवलं आणि विचारलं, हे खरं का? आण्णा म्हणाले, त्यात काही खरं नाही, शिकणारं पोरगं आहे, मनाला लावून घेतलं असेल, रंगवायचं माझं मीच ठरवलं. बाईंनी पुन्हा विचारलं, तो तांबडट म्हणाला होता ना? तेव्हा आण्णांनी जे उत्तर दिलं ते बाईंनी त्यांच्याच शब्दांत उतरवलं होतं: "बाई, त्यानं घोंगडी बगितलीच न्हाईत. त्यो आला तवा बांधून ठिवल्याली हुती."

आणि आतून हौसाबाई म्हणाल्या होत्या, "व्हय, मी बांधल्याली."

खाली बाईंनी लिहिलं होतं, "तुम्हा तिघांपैकी खरं कोण बोलतं आहे, ते ठरवण्याच्या भानगडीत मी पडले नाही. काम त्यांच्याकडंच ठेवलं आहे. यंदा तीस हवी आहेत, त्यातली निम्मी उन्हानं तांबूस झालेली. तुमच्या पत्रातली उन्हाची गोष्ट मी तिकडं कळवली, तर जर्मनीहून तशी मुद्दाम मागणी आली."